डोंगर चढाई आणि आरोग्य: सपाट मुलखातल्या माणसाने माथ्यावर जाण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

सोलापूर जिल्हा बहुतांशी पठारी आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर. रोजच्या चालण्यात चढ जवळजवळ येतच नाही. तरी इथल्या माणसांना डोंगर नवा नाही. ईशान्येला तुळजापूर-येडशीकडे बालाघाटाचे डोंगर आहेत. पश्चिमेला माळशिरस तालुक्याच्या कडेला शंभू महादेवाची रांग आहे. चैत्रातल्या शिखर शिंगणापूरच्या यात्रेत कावडी मुंगी घाटाच्या अवघड चढाने वर नेल्या जातात. अलीकडे रात्रभर प्रवास करून कळसूबाईला जाणाऱ्या तरुणांचे आणि मध्यमवयीनांचे गटही वाढले आहेत.

हे डोंगर बहुतेक शांत, विरळ वस्तीचे आहेत, आणि आरोग्याच्या दृष्टीने धोका तिथेच आहे. शहरात दहा मिनिटांत दवाखाना गाठता येतो. डोंगरावर आजारी माणसाला खाली आणायलाच दोन-तीन तास लागू शकतात. त्यामुळे काय टाळायचे आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे, हे निघण्यापूर्वीच माहीत असावे.

चढताना शरीरात काय होते?

सपाट रस्त्यावर शरीर फक्त पुढे न्यायचे असते. चढावर प्रत्येक पावलाला सगळे वजन वर उचलावे लागते. मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतात. स्नायूंच्या या कामातून बरीच उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जाते.

अंदाज यावा म्हणून एक हिशेब. इमारतीचा एक मजला साधारण ३ मीटरचा असतो. बारी गावातून कळसूबाईच्या माथ्यापर्यंतचा चढ सुमारे ८०० मीटर आहे, म्हणजे एका सकाळी अडीचशेहून अधिक मजले. एरवी लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या माणसासाठी हे अचानक आलेले मोठे ओझे आहे.

दम लागतो तो हवा विरळ असल्यामुळे का?

महाराष्ट्रात नाही. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. उंचीवरच्या विरळ हवेचा आजार साधारणपणे २५०० मीटरच्या वर दिसतो. हिमालयातील ट्रेकला त्याचा विचार करावाच लागतो. सह्याद्रीत किंवा बालाघाटात नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘वर हवा कमी आहे’ असे म्हणून धाप अंगावर काढली जाते. बरोबरचे सगळे बोलत चालत असताना एखाद्याला वाक्य पूर्ण करता येत नसेल, तर कारण त्याच्या शरीरात शोधावे. सराव कमी असणे, रक्तक्षय, दमा, अतिरिक्त वजन किंवा हृदयविकार यांपैकी काहीही असू शकते. कापूर हुंगल्याने प्राणवायू वाढत नाही. उलट लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात, म्हणून त्याची पुडी मुलांच्या हाती देऊ नये.

निघण्यापूर्वी कोणी तपासणी करून घ्यावी?

- चाळिशी ओलांडलेले आणि नियमित व्यायाम नसलेले
- मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल असलेले. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असलेले
- आधी हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले
- दमा, मूत्रपिंडाचा आजार, फिट्स असलेले
- गर्भवती स्त्रिया
- ज्यांच्या घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे

घरच्या घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. दोन मजले न थांबता, नेहमीच्या वेगाने चढा. त्यात छातीत जड वाटले, घेरी आली किंवा मध्येच थांबावे लागले, तर आधी डॉक्टरांना भेटा. ही चाचणी जमली म्हणजे डोंगर जमेल असे मात्र नाही; ती फक्त किमान पायरी आहे.

सपाट गावात सराव कसा करावा?

सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. पहिले दोन आठवडे रोज ३० ते ४० मिनिटे भरभर चालणे पुरे. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस जिने चढा-उतरा: सुरुवातीला १० मजले, पुढे हळूहळू ३० ते ४०. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर तीच सॅक आणि पायात तेच बूट असू द्या. श्रम करतानाही बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, हा योग्य वेग.

उतरण्याचा सराव गाळू नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यामुळे त्यांत सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय ठणकतात ते यामुळे. गुडघेदुखी असलेल्यांनी उतरताना दोन काठ्या वापराव्यात, पावले लहान टाकावीत आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवावा.

औषधे सुरू असतील तर

स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. पण पुढील गटांबाबत डॉक्टरांशी आधी बोला.

- लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या: घामाबरोबर पाणी आणखी कमी होऊन चक्कर येऊ शकते.
- इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या: श्रमामुळे साखर एकदम उतरू शकते, कधी कधी रात्री झोपेतही. हात थरथरणे, घाम, गोंधळ ही लक्षणे बरोबरच्यांनाही सांगून ठेवा. खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: उपाशीपोटी आणि पाणी कमी असताना रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. यात्रेसाठी उपवास धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.
- मेटोप्रोलॉलसारखी औषधे: ठोके फारसे वाढू देत नाहीत, म्हणून दमणूक लवकर येते. नाडी मोजून वेग ठरवू नका.
- डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन: पाणी कमी झालेल्या शरीरात या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ‘पाय दुखू नयेत म्हणून आधीच एक गोळी’ ही सवय टाळा.

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चढू नये. चैत्रातल्या दुपारी तापलेल्या दगडाने तळवे भाजतात, आणि ते संध्याकाळी फोड दिसेपर्यंत कळतही नाही. अशी जखम चिघळली तर बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. अनवाणी जाण्याचा नवस असेल, तर पहाटेच्या गार वेळेबद्दल आणि मऊ पादत्राणाबद्दल घरच्यांनी आधीच बोलून घ्यावे.

पाणी, मीठ आणि शिदोरी

साधारण तासाला अर्धा लिटर पाणी, थोडे थोडे आणि तहानेप्रमाणे. कडक उन्हात त्याहून अधिक. नुसते पाणीच भराभर पीत राहिल्यास रक्तातले सोडियम कमी होऊन डोकेदुखी, उलटी, गोंधळ होऊ शकतो. म्हणून मधूनमधून जलसंजीवनी घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

खाण्यासाठी वेगळे काही विकत आणायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी उन्हात टिकते, तिच्यातून पिठूळ पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि मीठ तिन्ही मिळते. गूळ-शेंगदाणे, केळी, खजूरही चांगले. दारू चढाईच्या आदल्या रात्रीही नको. तिने लघवी वाढते आणि झोप बिघडते. रात्रभर गाडीत जागून पहाटे थेट चढायला लागणे टाळा. किमान चार-पाच तास झोप घेऊन निघा, विशेषतः परतीची गाडी ज्याला चालवायची आहे त्याने.

उष्माघात कसा ओळखावा?

उंची वाढते तसा गारवा येतो: दर १०० मीटरला साधारण ०.६ ते ०.७ अंश. पण शिखर शिंगणापूरसारख्या सुमारे हजार मीटर उंचीच्या ठिकाणी चैत्रातल्या दुपारचे ऊन त्यामुळे सौम्य होत नाही, आणि वाऱ्यामुळे घाम वाळत असल्याने किती पाणी गेले ते कळत नाही.

*उष्णतेचा थकवा:* खूप घाम, मळमळ, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, चक्कर. पण माणूस नीट बोलतो. सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, जलसंजीवनी द्या. त्या दिवशी पुढे चढू नये.

*उष्माघात:* शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूवर परिणाम. असंबद्ध बोलणे, चिडचिड, अडखळती चाल, झटके, बेशुद्धी. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असू शकते. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हा समज जिवावर बेततो. वागणे बदलले की उष्माघातच समजा.

अशा वेळी आधी गार करा, मग हलवा.

१. सावलीत न्या, जाडे कपडे काढा.
२. असेल ते सगळे पाणी अंगावर ओता आणि टॉवेलने किंवा पुठ्ठ्याने जोरजोरात वारा घाला.
३. मान, काखा, जांघा येथे ओली गार फडकी ठेवा आणि बदलत राहा.
४. १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका, कुशीवर वळवा.
५. पॅरासिटामॉल देऊ नका. हा संसर्गाचा ताप नाही, त्यामुळे ती उपयोगी पडत नाही.

खिशात कांदा ठेवल्याने अपाय नाही, पण संरक्षणही नाही. मार्च ते मे या काळात सूर्य उगवायच्या सुमारास चढ सुरू करा आणि अकराच्या आत सावली गाठा.

इतर धोके थोडक्यात

- मधमाश्या: कडे-कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तर, गोंगाट टाळा. हल्ला झाल्यास तोंड झाकून दूर पळा. काटे नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजणे, श्वास अडकणे, अंगभर गांधी उठणे ही तातडीची स्थिती आहे.
- सर्पदंश: कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. दंश झालेला भाग फळीला बांधून स्थिर ठेवा, चालवू नका, प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.
- पावसाळा: भिजलेले कपडे आणि वारा यांनी शरीर थंड पडते. थरथर, बोलण्यात जडपणा दिसला की कोरडे कपडे घाला. एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

कधी थांबावे आणि डॉक्टरांना कधी भेटावे?

*डोंगरावर लगेच:* छातीत दाब किंवा जळजळ, जबडा वा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, घेरी. खाली बसवा, चालत उतरवू नका, १०८ ला कळवा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅम गोळी चावून द्या. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी आधीच दिलेली असेल तरच वापरा.

*परतल्यावर:* लघवी चहासारखी गडद तपकिरी होणे आणि पाय असह्य दुखणे, हे स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटल्याचे लक्षण असू शकते. मूत्रपिंड वाचवण्यासाठी त्याच दिवशी तपासणी हवी. पुढच्या तीन आठवड्यांत तीव्र ताप आला, तर झाडीत, गवतात फिरल्याचे डॉक्टरांना जरूर सांगा. स्क्रब टायफस हा बारीक कीटकांमुळे होणारा ताप असू शकतो. काखेत, कमरेला किंवा जांघेत काळपट खपली दिसते का ते पाहा. वेळेवर निदान झाले तर साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो.

गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच गटाचा वेग ठेवा आणि त्याला एकटे मागे सोडू नका. त्याची धाप सर्वांत आधी तुमच्याच लक्षात येईल. माथा अर्ध्या तासावर असतानाही मागे फिरण्याचा निर्णय घेता आला पाहिजे. डोंगर पुढच्या महिन्यातही तिथेच असतो.