कराडचा सोडियम, तासगावचा पोटॅशियम

साल 1930. मीटरगेजच्या गाडीतून तुम्ही कराड स्टेशनात उतरता आणि चालत ओगलेवाडीत पोचता. 1916 साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्सच्या भट्टीपुढे तोंड भाजतं, तरी मागे सरू नका. नुसती वाळू वितळवायची तर सतराशे अंशांच्या आसपास आच हवी. म्हणून तिच्यात सोडा घातलाय. त्यातला सोडियम वाळूच्या आतली घट्ट वीण जागोजागी उसवतो, आणि वाळू कितीतरी कमी आचेवर पातळ होते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते! तिला टिकवायला चुना लागतो. त्यातला कॅल्शियम मूलद्रव्यांच्या तक्त्यात सोडियमच्या शेजारच्या घराण्यातला. कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर धगधगता गोळा उचलतो, साच्यात धरून फुंकतो. ही प्रभाकर कंदिलाची काच. वीज पोचायच्या आधी खेड्यापाड्यांतली किती मुलं तिच्या उजेडात शिकली असतील!

पुन्हा गाडीत बसा. शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी मागे पडतात, तशी वर्षंही. भिलवडीला उतरून तासगावकडे वळता तेव्हा 2015 चा मार्च चालू आहे. बेदाणा शेडवर द्राक्षांचे क्रेट टबात बुडवून काढताहेत. पाण्यात डिपिंग ऑइल आहे आणि लिटरला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट. सालीवरचा मेणचट थर त्याने सैल होतो, आतलं पाणी वाट काढतं, आणि जाळीवर पसरलेला माल सावलीतच पंधरवड्यात वाळतो.

ओगलेवाडीचा सोडियम आणि हा पोटॅशियम सख्खे भाऊ. हम्फ्री डेव्हीने 1807 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये दोघांना काही दिवसांच्या अंतराने वेगळं केलं. मेंडेलीव्हच्या 1869 च्या सारणीत ते एकाच घराण्यात बसले. दोघांच्या बाहेरच्या कक्षेत एकुलता एक इलेक्ट्रॉन, आणि तो देऊन टाकायची दोघांनाही घाई. त्यामुळे ते एकमेकांची कामंही करतात. बोहेमियात लाकडाच्या राखेतल्या पोटॅशने काच घडली. काही देशांत द्राक्षं कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून वाळवली. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता मुलांना या रेल्वेमार्गावरून शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

शेडमागच्या बंद खोलीकडे जाताना नाकाला रुमाल लावा. बेदाणा काळवंडू नये म्हणून तिथे गंधकाची धुरी चालू आहे. गंधकाचं घराणं वेगळं, ऑक्सिजनचं: ते सहसा इलेक्ट्रॉन देत नाही, ओढून घेतं.