रुमीकुब : सोंगट्यांची ओळख

हिवाळ्यात आई-बाबा इकडे आले की संध्याकाळी त्यांचा वेळ जाता जात नाही. जर्मन येत नसली तरी शेजाऱ्यांबरोबर खेळता येईल असा खेळ म्हणजे रुमीकुब, आपल्या रमीचा भाऊ! १९८० साली याला 'श्पील डेस यारेस' (वर्षातला सर्वोत्तम खेळ) हा जर्मन पुरस्कार मिळाला.

एकूण सोंगट्या १०६ :
- आकडे १ ते १३, रंग चार (काळा, लाल, निळा, नारिंगी), प्रत्येकी दोन : १०४
- जोकर : २

प्रत्येकाला १४ सोंगट्या. एका रंगाचे किमान तीन सलग आकडे, किंवा एकच आकडा तीन-चार वेगळ्या रंगांत मांडायचा. पहिली मांडणी किमान ३० गुणांची हवी.

रमीवाल्यांनो, दोन फरक लक्षात ठेवा. १३ नंतर १ चालत नाही. आणि पहिली मांडणी झाली की टेबलावरच्या सोंगट्या मोडून पुन्हा जुळवता येतात, अगदी दुसऱ्याच्यासुद्धा!

माहजोंगचा डबा वेगळा, त्यात साधारण १४४ सोंगट्या :
- वर्तुळे, बांबू, अक्षरे : प्रत्येकी ३६
- वारे : १६
- ड्रॅगन : १२
- फुले व ऋतू : ८

नवख्यांनी सुरुवात रुमीकुबपासूनच करावी. आकडे आणि रंग ओळखता आले की झाले, आजी आणि शेजारीण दोघी एका टेबलावर!