थाळी आणि कंपनाचं माप

बाळाला ऐकू येतं का, हे पाहायची आमच्या राजूर भागातली जुनी रीत म्हणजे पाठीमागून थाळी वाजवायची. बाळ दचकलं की घरचे निर्धास्त. आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळेत मी पहिलीचा वर्ग घ्यायचो. एखादं मूल कितीही हाका मारल्या तरी वळत नसे. आईला विचारलं की ती म्हणे, “गुरुजी, थाळी वाजवली का बघतो ना!” थाळीचा दणका बऱ्याच कमी ऐकणाऱ्यालाही कळतो, भुईचा हादरा तर पायांनाही जाणवतो. बोलणं मात्र निसटून जातं.

बोलण्याचं कंपन फार बारीक. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं ते आत पोचवतात. रिकीब तर जेमतेम 3 मिलिमीटरची. 1874 साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने बोस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरन्स ब्लेक यांच्याकडून मृत माणसाचा कान मिळवला. आतल्या हाडाला गवताची काडी चिकटवली आणि तिच्या टोकाशी काजळी धरलेली काच सरकवली. कानात बोललं की काडी काजळीवर नागमोडी रेघ ओढायची. बेल बहिऱ्या मुलांचा मास्तर होता, त्याच्या आईलाही नीट ऐकू येत नसे. या खटपटीने त्याला टेलिफोनची वाट दाखवली.

काडीच्या जागी पुढे लेसर आला. लहानपणापासून कमी ऐकू येणारा जेफ्री बॉल अमेरिकेत लेसरने या हाडांची थरथर मोजायचा. त्यातूनच त्याने ऐरणीला अडकवायचं, तांदळाच्या दाण्याहून लहान असं थरथरणारं यंत्र घडवलं. 1996 साली झुरिकमध्ये ते पहिल्यांदा माणसाच्या कानात बसलं. नंतर बॉलने स्वतःच्या कानांतही बसवून घेतलं.

ही हाडं जिथे कंपन पोचवतात तो कानाचा आतला शंखच निकामी असेल, तर हाडं हलवून भागत नाही. थेट नसेला विजेचे संकेत द्यावे लागतात. ते काम कॉक्लिअर इम्प्लांट करतं. 1978 साली मेलबर्नला ग्रॅमी क्लार्क यांनी अनेक वाहिन्यांचं असं यंत्र बसवलं. मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्राच्या एडिप योजनेतून पाच वर्षांच्या आतल्या गरजू मुलांना हे यंत्र मिळू शकतं, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम पाहते.

त्याच 1978 साली लंडनच्या डेव्हिड केंप यांनी दाखवलं, की निरोगी कान आवाजाला उत्तर म्हणून स्वतःही बारीक आवाज काढतो. त्याच तीन हाडांवरून तो उलटा बाहेर येतो. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून तो काही मिनिटांत टिपता येतो. सुई नाही, दुखणं नाही.

पहिलीच्या वर्गात बहिरेपण कळतं, तोवर भाषा शिकायची मोलाची वर्षं हातची गेलेली असतात. म्हणून आयाबायांना आणि आशाताईंना माझं सांगणं आहे: थाळीवर विसंबू नका. बाळ महिन्याचं व्हायच्या आत कानात नळी ठेवून होणारी ही तपासणी मागा. गावात यंत्र नसेल, तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.