टच मॉनिटर जोडला, पण टच चालत नाही? आधी हे तपासा

दुकानाचे बिलिंग काउंटर असो, क्लासमधला फळा असो किंवा घरातला संगणक, टचस्क्रीन मॉनिटर आता सगळीकडे दिसतो. पण नवा मॉनिटर जोडल्यावर अनेकांचा एकच अनुभव असतो. चित्र झकास दिसते, मात्र बोट लावले तर काहीच होत नाही. किंवा बोट इथे लागते आणि क्लिक भलतीकडेच होते. मग मॉनिटर खराब निघाला असे समजून तो दुकानात परत नेला जातो. खरे तर बऱ्याचदा दोष मॉनिटरमध्ये नसतोच. तो जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असतो.

एक केबल पुरत नाही

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल संगणकाकडून मॉनिटरकडे चित्र नेते. बोट कुठे लागले ही माहिती मात्र उलट दिशेने, म्हणजे मॉनिटरकडून संगणकाकडे जावी लागते. त्यासाठी वेगळी यूएसबी केबल लागते. खोक्यात ती बहुधा असते, पण जास्तीची समजून तशीच राहून जाते. काही मॉनिटरमध्ये यूएसबी-सी ची एकच केबल दोन्ही कामे करते. मात्र संगणकाचे पोर्ट चित्र पाठवू शकणारे हवे आणि केबलही त्या दर्जाची हवी. मोबाइल चार्जिंगची साधी केबल इथे चालेलच असे नाही.

बोट एका स्क्रीनवर, क्लिक दुसऱ्यावर

लॅपटॉपला टच मॉनिटर जोडला की ही तक्रार हमखास येते. विंडोजला दोन स्क्रीन दिसतात, पण टच त्यापैकी कोणत्या स्क्रीनचा आहे हे कळलेले नसते. त्यावरचा उपाय असा:

1. कंट्रोल पॅनलमध्ये 'टॅबलेट पीसी सेटिंग्ज' उघडा.
2. 'सेटअप' बटण दाबा. पेन की टच असे विचारले तर टच निवडा.
3. एका स्क्रीनवर सूचना दिसेल. ती टच मॉनिटरवर असेल तर तिथे बोट लावा.
4. सूचना दुसऱ्या स्क्रीनवर असेल तर तिथे बोट न लावता कीबोर्डवरचे एंटर दाबा. सूचना पुढच्या स्क्रीनवर जाईल.

कॅलिब्रेशन कधी करावे?

बोट आणि क्लिक यांत थोडेसेच अंतर पडत असेल, तर त्याच खिडकीत 'कॅलिब्रेट'चा पर्याय असतो. स्क्रीनवर एकामागून एक फुल्या दिसतात आणि प्रत्येक फुलीच्या बरोबर मध्यावर टेकवावे लागते. दाबाने चालणाऱ्या जुन्या रेझिस्टिव्ह स्क्रीनला याची गरज पडते. मोबाइलसारख्या कपॅसिटिव्ह स्क्रीनला सहसा पडत नाही. उलट घाईत केलेल्या कॅलिब्रेशनमुळे नेम आणखी चुकतो. तसे झालेच तर 'रीसेट' दाबून मूळ स्थितीवर येता येते.

मध्येच टच बंद पडतो?

वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवते, तेव्हा असे होऊ शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन, संगणकाला हे उपकरण बंद करू देणारी खूण काढून टाका. बोट न लावताच आपोआप क्लिक होत असतील तर आधी स्क्रीन पुसा आणि मग विजेचे अर्थिंग तपासा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत बसवला असेल, तर कपॅसिटिव्ह स्क्रीन भरकटू शकते.

मॅकबाबत एक गोष्ट खरेदीआधीच लक्षात ठेवावी. बाहेरून जोडलेल्या टच मॉनिटरसाठी मॅकओएसमध्ये विंडोजसारखी अंगभूत सोय नाही. त्यामुळे निर्मात्याचे सॉफ्टवेअर मॅकवर चालते का, हे आधी विचारावे.

हात का भरून येतो?

नुसत्या पाहण्याच्या मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला ठेवतात. टच मॉनिटर तसाच उभा ठेवला तर हात सतत हवेत धरावा लागतो आणि थोड्याच वेळात खांदा दुखू लागतो. त्यामुळे टच जास्त वापरायचा असेल तर मॉनिटर जवळ, थोडा खाली आणि मागे कललेला ठेवावा. स्टँड मात्र पक्का हवा, नाहीतर प्रत्येक स्पर्शाला स्क्रीन डुगडुगते. बटणे बारीक वाटत असतील तर डिस्प्ले सेटिंगमध्ये 'स्केल' 125 किंवा 150 टक्के करावे. बिलिंग काउंटरवर चुकीचे बटण दाबले जाण्याचे प्रमाण त्याने कमी होते.

स्क्रीन पुसताना मॉनिटर बंद ठेवावा आणि मऊ मायक्रोफायबर कापड किंचित ओले करून वापरावे. फवारा थेट काचेवर मारू नये, कारण पाणी कडेतून आत उतरते.

एवढे करूनही टच चालत नसेल, तर तोच मॉनिटर दोन्ही केबलींसह दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. तिथे चालला तर दोष पहिल्या संगणकात आहे. तिथेही नाही चालला, तर केबल बदलून पाहावी आणि मगच वॉरंटीचे कार्ड शोधावे.