हावड्याचे मोठे घड्याळ आणि महागड्या घड्याळाचे तीन पर्याय

१९२६ हे वर्ष घड्याळांच्या इतिहासात दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी रोलेक्स कंपनीने ‘ऑयस्टर’ नावाचे, पाणी आत शिरू न देणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढच्याच वर्षी मर्सेडीझ ग्लाइट्झ ही जलतरणपटू ते गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात दहा तासांहून अधिक काळ पोहली. त्या दिवशी तिला खाडी पार करता आली नाही, पण घड्याळ चालू राहिले. त्याची जाहिरात लंडनच्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकली आणि खेळाडूच्या अंगावरचे महागडे घड्याळ ही कल्पना रुजू लागली.

त्याच १९२६ मध्ये हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावडा स्थानकात, इंग्लंडमधील लेस्टरच्या जेन्ट्स कंपनीने बनवलेले दुतोंडी घड्याळ बसवण्यात आले. तबकडीचा व्यास ३ फूट ९ इंच. बंगाली माणूस त्याला ‘बॉडो घोडी’, म्हणजे मोठे घड्याळ, म्हणतो. ते पाहण्यासाठी कोणालाही पैसा मोजावा लागत नव्हता. महागड्या घड्याळाला परवडणारा पर्याय कोणता, या आजच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे फलाटाजवळ टांगलेले होते: घड्याळ एक, आणि वेळ हजारोंची.

हावड्याला अशा घड्याळाची गरज का होती, हे समजण्यासाठी त्या काळची वेळव्यवस्था पाहावी लागते. पृथ्वी एक रेखांश फिरण्यास ४ मिनिटे घेते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली. हावडा साधारण ८८.३ अंशांवर. फरक सुमारे ५.८ अंशांचा, म्हणून तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या जवळजवळ २४ मिनिटे पुढे. प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली आणि रेल्वे तिच्यावर धावू लागली. पण कोलकात्याने आपली स्थानिक वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. (मुंबईचा हट्ट याहून मोठा. ती ३९ मिनिटे मागे राहिली, तीही १९५५ पर्यंत.) त्यामुळे गाडीतून उतरणाऱ्या चाकरमान्याला स्थानकात ९ वाजून ३६ मिनिटे दिसत, तेव्हा पलीकडच्या तीरावर स्थानिक वेळेने दहा वाजत आलेले असत. मध्ये होता १८७४ चा तरंगता पूल. जहाजांना वाट देण्यासाठी तो मधून उघडला जाई आणि तेवढा वेळ वाहतूक थांबे. आजचा हावडा पूल १९४३ मध्ये आला. अशा ठिकाणी वेळ चुकणे म्हणजे गाडी चुकणे किंवा खाडा पडणे. अचूक वेळ ही चैन नव्हती, पोटाची गरज होती. पण अचूक मनगटी घड्याळ मात्र चैनीचेच होते.

सामाईक घड्याळाची मर्यादा उघड आहे: ते बरोबर नेता येत नाही. दुसरा पर्याय स्वातंत्र्यानंतर आला. हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने १९६१ मध्ये बंगळुरू येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. एका घड्याळाचे नावच ‘जनता’ ठेवले होते. रोज चावी द्यायची, आत १७ माणके, आणि तोलचक्राचे तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच.

ती माणके खाणीतली नव्हती, आणि या पर्यायामागील विज्ञान तेथेच आहे. चाकांच्या आसांची झीज टाळण्यासाठी अतिशय कठीण व गुळगुळीत आधार लागतो. माणिक त्यासाठी उत्तम. ओग्यूस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ज्वालेत वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. माणिक आणि नीलम ही एकाच संयुगाची दोन रूपे. त्यांत भेद केवळ अल्पशा अशुद्धींचा. या रीतीमुळे राजमुकुटातील रत्न कारखान्याचा कच्चा माल बनले. आज घड्याळावर ‘सफायर काच’ असे लिहिलेले असते, तीही प्रयोगशाळेतच जन्मलेली असते.

तिसरा पर्याय सर्वांत दूरगामी ठरला, आणि योगायोग असा की त्याची सुरुवातही १९२७ मधलीच. क्वार्ट्झ स्फटिक दाबला की त्यावर विद्युत्‌भार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. उलट दिशेने, वीज दिली की स्फटिक थरथरतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरेन मॅरिसन आणि जोसेफ हॉर्टन यांनी या थरथरीवर चालणारे घड्याळ १९२७ मध्ये उभे केले. ते मनगटावर नव्हे, प्रयोगशाळेतच राहू शकेल एवढे अवजड होते. ते मनगटावर यायला बेचाळीस वर्षे लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीचे ‘ॲस्ट्रॉन’ विक्रीस आले. किंमत ४,५०,००० येन. तेवढ्यात छोटी मोटार येत असे.

म्हणजे क्वार्ट्झ घड्याळ जन्मले ते चैनीची वस्तू म्हणूनच. पण त्याचा गाभा हाताच्या कौशल्यात नव्हता. तो स्फटिकात आणि इलेक्ट्रॉनिक मंडलात होता, आणि या दोन्ही गोष्टी लाखांच्या संख्येने बनवता येत होत्या. पुढे प्रमाण ठरलेला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २ चा १५ वा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की नेमका १ उरतो, म्हणजेच सेकंदाचा एक ठोका. जनता घड्याळाच्या पाच ठोक्यांशी तुलना केली की अचूकतेचे रहस्य कळते: ठोके जितके जलद आणि एकसारखे, तितकी चूक कमी.

परिणाम आकड्यांत पाहावा. स्वित्झर्लंडमध्ये ‘क्रोनोमीटर’ हे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. १९८९ मध्ये आलेल्या कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यू या प्लॅस्टिकच्या स्वस्त घड्याळाची जाहीर मर्यादा महिन्याला ३० सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे १ सेकंद. अचूकता एवढी स्वस्त झाल्यावर यांत्रिक घड्याळांचा बाजार कोसळला. स्विस घड्याळ उद्योगातील सुमारे ९०,००० रोजगार १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एकतृतीयांशावर आले. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झवर भर दिला आणि चावीच्या घड्याळांचा जमाना मागे पडला. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. एका पर्यायाने दुसऱ्या पर्यायाला गिळले, आणि त्यात अनेक कारागिरांची उपजीविका गेली, हेही या इतिहासाचाच भाग आहे.

‘लक्झरी स्पोर्ट्स वॉच’ नावाचा प्रकार नेमका याच उलथापालथीत घडला. १९७२ मध्ये ओडमार पिगे कंपनीने जेराल्ड जेन्टाने रेखलेले ‘रॉयल ओक’ आणले: साध्या पोलादाचे, पण भाव सोन्याच्या घड्याळांच्या पंक्तीतला. १९७६ मध्ये पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ आले. अचूकता सर्वांची होऊ लागली होती. तेव्हा घडण, हाताने केलेली झिलई आणि दुर्मीळपणा यांचे मोल घेतले जाऊ लागले. यात फसवणूक नाही. ती कला खरीच आहे. परंतु खेळासाठी ती अपरिहार्य नाही.

खेळासाठी झटणारे घड्याळ दुसरीकडेच तयार होत होते. वडिलांनी दिलेले घड्याळ पडून फुटले, म्हणून कॅसिओचा अभियंता इबे किकुओ न फुटणाऱ्या घड्याळाच्या मागे लागला. सुमारे दोनशे नमुने मोडल्यावर त्याला उद्यानात उसळणाऱ्या चेंडूतून युक्ती सुचली: आतील यंत्र मोजक्या बिंदूंवर जणू तरंगते ठेवायचे. १९८३ चे जी-शॉक ते हेच.

म्हणून विद्यार्थ्याने घड्याळ निवडताना नावापेक्षा कामाचे प्रश्न विचारावेत. पोहायचे असेल तर पाणीरोधाचा आकडा पाहावा. ‘३० मीटर’ म्हणजे तेवढे खोल जाता येते असे नव्हे. तो स्थिर दाबाच्या चाचणीचा आकडा आहे आणि प्रत्यक्षात हात धुणे व पाऊस एवढ्यापुरताच पुरतो. पोहण्यासाठी १०० मीटर, म्हणजे सुमारे १० बार, असावे. ओरखडे नकोत तर सफायर काच, आदळआपट होणार असेल तर धक्के सोसणारी बांधणी, आणि वेळ नेमकी हवी तर क्वार्ट्झ. यातली कोणतीही गोष्ट आज श्रीमंतांची मक्तेदारी नाही. नक्कल केलेले बोधचिन्ह मात्र यांतले काहीच देत नाही.

आज देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील सीझियम घड्याळे राखतात, आणि खिशातला साधा मोबाइलही जाळ्यातून वेळ घेतो. तरीही हावड्याच्या मोठ्या घड्याळाखाली माणसे एकमेकांची वाट पाहत उभी असतात. कोणाच्या मनगटावर काय आहे, याने त्यांच्या गाडीच्या वेळेत सेकंदाचाही फरक पडत नाही.