विश्रामबागवाडा

पुण्यातील थोरल्या बाजीराव रस्त्यावरचा पेशवेकालीन वाडा. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने तो निवासासाठी बांधविला. काम सुमारे सहा वर्षे चालले, खर्च दोन लाख रुपये झाला आणि १८०७ मध्ये वाडा पुरा झाला. शनिवारवाड्यापेक्षा बाजीरावाला हाच अधिक आवडे. त्याने येथे अकरा वर्षे वास्तव्य केल्याचे सांगतात, पण ही गोळाबेरीज सैल आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्याने पुणे सोडले ते कायमचे. म्हणजे वाड्याला धनी लाभला तो जेमतेम दहा वर्षे.

पुढे वाडा इंग्रजांकडे गेला. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्याच दक्षिणेच्या निधीतील पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जिंकलेल्या पेशव्याच्या वाड्यात त्याच्याच दानधर्माच्या पैशावर शाळा काढणे, हा मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या राजनीतीचा चतुर नमुना होय. पाठशाळेत पुढे इंग्रजी शिक्षण आले, तिचे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत गेल्यावरही वाड्यातील शाळा चालू राहिली.

१३ मे १८७९ च्या रात्री विश्रामबाग आणि पुण्यातलाच दुसरा पेशवेकालीन वाडा, बुधवारवाडा, एकाच वेळी पेटले. वासुदेव बळवंत फडके यांचे इंग्रजांविरुद्धचे बंड तेव्हा ताजे असल्याने इंग्रजी वृत्तपत्रांनी संशयाचे बोट तिकडे दाखविले. बुधवारवाडा गेला. विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग जळाला. तो नगरपालिकेच्या मदतीने व नागरिकांच्या वर्गणीतून पुन्हा उभारण्यात आला. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांवरील केळफुलांचे कोरीवकाम आणि प्रवेशद्वारावरचा सज्जा यांसमोर उभे राहून लोक ‘पेशवाई’चे छायाचित्र काढतात. या दर्शनी भागाकडे पाहताना १८७९ नंतरची दुरुस्तीही ध्यानात धरावी.

१९३० पासून १९५९ पर्यंत शहराचा कारभार येथून चालला. मधल्या काळात, १९५० मध्ये, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. महापालिका शिवाजीनगरच्या इमारतीत हलल्यावर उरली ती किरकोळ कार्यालये आणि तळमजल्यावरचे टपाल कार्यालय. पेशव्याच्या देवडीशी रजिस्टर पत्रासाठी रांग लागे, याचे पुणेकरांना नवल वाटेनासे झाले होते. पुढे ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शनही येथेच मांडण्यात आले. वाड्याची मालकी पुणे महानगरपालिकेकडे आहे.