जी१५९: एका टायरचा आणि त्याच्या चाचण्यांच्या कागदांचा इतिहास

‘संशोधन पद्धती’च्या पेपरची तयारी करताना ‘बाह्य वैधता’ ही संज्ञा आपण सगळेच पाठ करतो. एका परिस्थितीत मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या परिस्थितीत लागू पडतो का, असा तो प्रश्न. उदाहरण म्हणून बहुतेक पुस्तकं शाळा आणि प्रश्नावल्या देतात. मी मात्र आज टायरचं उदाहरण घेणार आहे, कारण तिथे या प्रश्नाचं उत्तर चुकलं की माणसं मरतात.

मोटरहोम म्हणजे बसच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, सगळं आत. अमेरिकेत निवृत्त जोडपी यात बसून महिनोन्‌महिने हिंडतात. गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी झाली की मालकापुढे प्रश्न येतो की आता टायर कोणते घालायचे. मापाचा टायर आणला, बसवला, इतकं ते सोपं नाही. ते का, हे समजायला गुडइयर कंपनीच्या जी१५९ या टायरची गोष्ट उपयोगी आहे.

२७५/७०आर२२.५ या मापाचा हा टायर १९९६ ते २००३ या काळात बनला. आधी माप वाचू. रुंदी २७५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, रचना रेडियल, रिमचा व्यास २२.५ इंच. गणित केलंत तर पूर्ण व्यास साधारण ९५६ मिलिमीटर आणि घेर तीन मीटर निघतो. ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर वेगाने गाडी चालली तर हा टायर सेकंदाला जवळजवळ दहा वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत त्याचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना दबतो आणि सुटताना मोकळा होतो. रबर दाबायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते परत देत नाही, उरलेली उष्णता होते. बी.एस्सी.ला हिस्टेरेसिसचा आलेख काढला असेल, त्यातल्या बंद वळशाचं क्षेत्रफळ म्हणजे हीच उष्णता. ओझं वाढलं, हवा कमी झाली किंवा वेग वाढला की ती वाढते.

हा टायर मुळात शहरात माल पोचवणाऱ्या ट्रकसाठी होता. असा ट्रक थांबतो, सामान उतरवतो, पुन्हा निघतो, आणि मधल्या वेळात टायर निवतो. मोटरहोमचं तसं नाही. ती जवळजवळ पूर्ण ओझ्यानिशी, भर उन्हात, महामार्गावर तासन्‌तास एका वेगाने पळते. इतिहासाच्या अंगाने एक तारीख इथे नोंदवण्यासारखी आहे. १९७४ पासून अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा होती, १९८७ नंतर ग्रामीण महामार्गांवर ती ६५ झाली आणि १९९५ मध्ये देशपातळीवरची मर्यादाच रद्द झाली. राज्यांनी आपापले आकडे वर नेले. म्हणजे हा टायर बाजारात आला तेव्हा ज्या रस्त्यांवर तो धावणार होता ते रस्ते नुकतेच वेगवान झाले होते. यावरून कारण सिद्ध होत नाही, पण परिस्थिती मात्र कळते.

जून २००३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात एका कुटुंबाची मोटरहोम रस्ता सोडून उलटली. २००५ मध्ये त्यांनी गुडइयरवर दावा लावला. म्हणणं असं की महामार्गाच्या वेगाने मोटरहोमवर चालताना या टायरमध्ये जी उष्णता तयार होते, ती सोसायला तो बनवलेलाच नाही. वकिलांनी पुन्हा पुन्हा एकच मागितलं: या टायरच्या चाचण्यांचे निकाल. उत्तरं सावकाश आली, त्यांतून हाती फारसं काही लागलं नाही, आणि २०१० मध्ये सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली.

काही महिन्यांनी त्यांच्या वकिलांच्या वाचनात वर्तमानपत्रातला एक लेख आला. याच टायरच्या दुसऱ्या एका खटल्यात कंपनीने काही चाचण्यांचे निकाल सादर केले होते, जे यांना कधी दाखवलेच नव्हते. त्या निकालांनुसार ताशी ५५ ते ६५ मैल वेगाला हा टायर नेहमीपेक्षा जास्त तापत होता. नेमकं हेच तर ते पाच वर्षं मागत होते!

२०१२ मध्ये ॲरिझोनातल्या संघीय न्यायाधीश रोझलिन सिल्व्हर यांनी कंपनी आणि तिच्या वकिलांचं वर्तन वर्षानुवर्षं अप्रामाणिक राहिल्याचं म्हटलं आणि २७ लाख डॉलर द्यायला सांगितलं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये न्या. एलेना केगन यांनी एकमताचा निकाल लिहिला: गैरवर्तनामुळे जो खर्च झाला आणि एरवी झालाच नसता, तेवढाच भरून मागता येईल. म्हणून रकमेचा आदेश रद्द करून प्रकरण खाली पाठवलं. पुष्कळ जण हे ‘कंपनी सुटली’ असं वाचतात. मला ते वाचन घाईचं वाटतं. न्यायालयापुढचा प्रश्न रकमेच्या मोजणीचा होता, गैरवर्तन झालं की नाही हा नव्हता. न्यायनिवाडा संदर्भ म्हणून वापरायचा असेल तर न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता ते आधी तपासा. बातमीच्या मथळ्यात ते नसतं.

तोवर बाकीच्या खटल्यांतले कागद काय करत होते? तडजोडी आणि गोपनीयतेचे आदेश यांत ते बंद होते. प्रत्येक कुटुंबाकडे आपला एकच अपघात होता. आकृतिबंध दिसायला सगळी प्रकरणं शेजारी मांडावी लागतात आणि तसं करण्याची मुभा कुणालाच नव्हती. एनएचटीएसए या अमेरिकी महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१७ च्या अखेरीस चौकशी उघडली. तिच्या नोंदींनुसार १९९८ ते २०१५ या काळात या टायरचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा पट्टा, सुटून झालेल्या अपघातांत आठ माणसं दगावली आणि ६९ जखमी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये संस्थेने टायर परत मागवायला सांगितलं. कंपनीने आधी नकार दिला, मग जूनमध्ये सुमारे १ लाख ७३ हजार टायरांचा रिकॉल जाहीर केला. टायरमध्ये दोष नाही, बिघाडामागे जादा ओझं आणि कमी हवा आहे, अशी कंपनीची बाजू राहिली. हे सांगायलाच हवं, कारण कमी हवेनेही उष्णताच वाढते आणि एका फाटलेल्या टायरकडे बघून दोन कारणं वेगळी काढणं खरंच अवघड असतं. त्यासाठीच नियंत्रित चाचणी लागते. आणि कपाटात राहिली होती ती तीच.

जुनी मोटरहोम म्हटल्यावर वयाचा मुद्दा येतोच. या गाड्या वर्षातले कित्येक महिने उभ्या असतात. ट्रेड झिजत नाही, म्हणून टायर नवा दिसतो, पण आतलं रबर ऑक्सिजनमुळे कडक होत जातं. टायरमध्ये घातलेलं मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं टायर फिरताना, लवताना पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरला तेवढंही संरक्षण नाही. २००० मधल्या फायरस्टोन रिकॉलनंतर अमेरिकेत या विषयावर संशोधन वाढलं आणि एनएचटीएसएने मुद्दाम फिनिक्ससारख्या तापणाऱ्या शहरातल्या गाड्यांचे वापरलेले टायर गोळा करून तपासले. तिच्या २००७ च्या अहवालात एका विमा कंपनीचे आकडे आहेत. पाच उष्ण राज्यांत २७ टक्के ग्राहक, पण टायरचे ७७ टक्के दावे तिथले, आणि त्यांतले ८४ टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरांचे. २७ आणि ७७ ची तुलना चोख आहे. ८४ मात्र मला एकटा पडलेला दिसतो, कारण रस्त्यावरचे एकूण किती टायर सहा वर्षांहून जुने होते हा छेद शेजारी नाही. मुलाखतीत असा आकडा पुढे आला तर हे जरूर विचारा.

मग टायर निवडायचा कसा? आधी गाडी पाणी, इंधन, सामान आणि माणसांसकट वजनकाट्यावर न्यायची आणि जमेल तर प्रत्येक टोकाचं वजन वेगळं घ्यायचं. घरासारखी रचना असल्याने स्वयंपाकघराची बाजू बहुधा जड भरते. एका अक्षावर सर्वात जड टोक धरून कंपनीच्या तक्त्यातून हवेचा दाब ठरतो आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच ठेवतात. टायर गार असताना. ओझ्याची क्षमता आणि वेगाचं मानांकन दोन्ही बघायचं, आणि टायर कुठल्या वापरासाठी बनला आहे तेही. मागे जोडचाकं असतील तर जोडीतल्या दोन टायरांचा व्यास जुळला पाहिजे, नाहीतर मोठा टायर जास्त ओझं घेतो.

कधी मूळ मापच बाजारातून गेलेलं असतं. १९७३ ते १९७८ मधल्या जीएमसी मोटरहोमची चाकं १६.५ इंची होती. त्या मापाचे चांगले टायर मिळेनासे झाल्यावर पुष्कळ मालकांनी रिमसकट १६ इंचावर उडी घेतली. रिम बदलणं हाच यातला कळीचा भाग. १६.५ च्या रिमवर १६ चा टायर चढतो, पण दोन्हींच्या बसण्याच्या कडेचा उतार वेगळा असतो आणि हवा भरताना टायर फुटून माणसं मेलेली आहेत. अर्ध्या इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, कडेवरचा आकडा वाचावा लागतो.

तारीखही कडेवरच असते. डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी २३०३ असेल तर टायर २००३ च्या तेविसाव्या आठवड्यातला. २००० च्या आधी मात्र तीनच आकडे असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. २३८ म्हणजे १९९८ की १९८८, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जी१५९ चं उत्पादन या दोन्ही पद्धतींच्या काळात झालं, त्यामुळे एखाद्या जुन्या मोटरहोमच्या स्टेपनीवर आजही तीन आकडे सापडू शकतात. आणि जोडचाकांत बहुतेकदा हा क्रमांक आतल्या बाजूला गेलेला असतो, तेव्हा विजेरी घेऊन गाडीखाली शिरावं लागतं.